व्ह्यूज बावीस लाख, पण कोल्हापुरात ऐकणारे किती?

मॅडम, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातल्या तुमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला मुलांना एक 21 वर्षांचा रॅपर बोलवायचाय. त्याच्या एका गाण्याला यूट्यूबवर 22 लाख व्ह्यूज आहेत, इन्स्टाग्रामवर 90 हजार फॉलोअर, स्पॉटिफाय या गाण्यांच्या ॲपवर 1 लाख 40 हजार मंथली लिसनर. मानधन तो 2 लाख मागतोय आणि हा खर्च तुम्हाला संस्थेपुढे मांडायचाय. तो खरंच तेवढा लोकप्रिय आहे का, आणि असेल तर ते ओळखायचं कशावरून?

मी पुण्यात तेरा वर्षं कलाकारांचं मॅनेजमेंट आणि गाण्यांचं डिस्ट्रिब्यूशन, म्हणजे गाणी अशा ॲपवर पोचवायचं काम करतोय. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं रॅप करणाऱ्या पोरांबरोबर गेली. या तीन आकड्यांवरून मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. तिन्ही आकडे शंभर टक्के खरे असतील आणि तरीही तुमच्या मैदानात दीडशे मुलं उभी असतील, असं होतं. याच्या निम्मे आकडे असलेल्या पोरासाठी पोलीस बंदोबस्त मागवावा लागला, असंही मी पाहिलंय.

आधी आकडा म्हणजे काय ते बघू. स्पॉटिफायवर गाणं 30 सेकंद वाजलं की एक स्ट्रीम धरतात. मंथली लिसनर म्हणजे मागच्या 28 दिवसांत ज्यांनी त्याचं काहीही एकदा तरी ऐकलं, अशी माणसं. एकदा ऐकून विसरलेला आणि रोज रात्री झोपताना ऐकणारा, दोघंही तिथे एकेकच. त्यातही एक गोम आहे, ती बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. या पोरानं एखाद्या मोठ्या कलाकाराच्या गाण्यात आठ ओळी केल्या असतील आणि त्या गाण्यावर त्याचं नाव असेल, तर त्या अख्ख्या गाण्याचे श्रोते याच्याही मंथली लिसनरमध्ये दिसतात. ते आले दुसऱ्यासाठी, मोजले गेले याच्या नावावर. म्हणून त्याचं प्रोफाइल उघडा आणि वरची पाच गाणी बघा. पहिलं गाणं दुसऱ्याचं असेल आणि त्याची स्वतःची चार त्याच्या पासंगालाही पुरत नसतील, तर 1 लाख 40 हजार हा आकडा बाजूला ठेवून उरलेल्या चारांवरून विचार करा.

इन्स्टाग्रामचे फॉलोअर मी जवळपास बघतच नाही. त्याच्या गाण्यावर लोकांनी स्वतः किती रील केल्या, ते बघतो. आणि यूट्यूबवर शॉर्ट्सचे व्ह्यूज आणि मूळ व्हिडिओचे व्ह्यूज कधीही एकत्र मिळवू नका. 31 मार्च 2025 पासून शॉर्ट नुसता चालू झाला तरी व्ह्यू धरला जातो, मग बघणाऱ्यानं पुढच्या क्षणी अंगठ्यानं वर सरकवला तरी. ‘सगळं मिळून एक कोटी’ असं कुणी सांगितलं, तर त्यातले शॉर्ट्सचे किती, हे पहिलं विचारा.

आता मी स्वतः लोकप्रियता कशी मोजतो ते सांगतो. मी दुसऱ्या व्हर्सला, म्हणजे रॅपच्या दुसऱ्या कडव्याला, गर्दी बघतो.

काही वर्षांपूर्वी पुण्यात एका हॉलमध्ये आम्ही एका मुलाचा शो ठेवला होता. गाणं रीलवर तुफान चाललेलं. हॉल बऱ्यापैकी भरला. हूक, म्हणजे गाण्यातली पुन्हा पुन्हा येणारी ओळ, आली तशी सगळ्यांचे फोन वर गेले, समोर नुसत्या स्क्रीनच स्क्रीन. पंधरा सेकंद झाली, दुसरा व्हर्स सुरू झाला आणि फोन खाली आले. लोक एकमेकांशी बोलायला लागले, काही जण पाणी प्यायला बाहेर गेले. पोरगा मन लावून म्हणत होता, त्याचा काही दोष नव्हता. त्या लोकांना गाण्यातलं तेवढंच माहीत होतं. रीलमध्ये जेवढं होतं तेवढंच.

त्याच वर्षी पिंपरीत एका छोट्या जागी दुसऱ्या एका मुलाला ऐकायला गेलो. मंथली लिसनर 9 हजारांच्या आत. समोर जेमतेम अडीचशे पोरं असतील, बहुतेक आसपासच्या वस्त्यांतली, काही कंपनीची शिफ्ट संपवून थेट आलेली, पाठीवर डब्याची बॅग तशीच. हा ओळीचा शेवटचा शब्द मुद्दाम सोडून देत होता आणि पोरं तो भरत होती. पहिल्या व्हर्सला, दुसऱ्या व्हर्सला, आणि जे गाणं मी कधी ऐकलंही नव्हतं त्यातसुद्धा. एक पोरगा माझ्या शेजारी डोळे मिटून अख्खा व्हर्स म्हणत होता, श्वास कुठे घ्यायचा तेही त्याला पाठ होतं. मी त्या रात्रीच त्या मुलाशी करार करायचं ठरवलं. त्यानंतर त्याचे शो कधी रिकामे गेले नाहीत.

पार्श्वगायक आणि रॅपर यांच्यात हाच फरक आहे. सिनेमातलं गाणं माणूस गुणगुणतो, ते कुणी गायलंय हे माहीत नसलं तरी चालतं. रॅप मात्र प्रथमपुरुषी एकवचनात असतो. ‘मी’, ‘माझी गल्ली’, ‘माझी आई’. दुसरा व्हर्स पाठ असलेला पोरगा त्या माणसाला ओळखतो, आणि असा पोरगा तिकीट काढतो, एसटीनं येतो, मित्राला ओढून आणतो. गाणं लोकप्रिय असणं आणि माणूस लोकप्रिय असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2024 साली क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ स्पिनिन रेकॉर्ड्स या डच लेबलवरून (गाणी काढणाऱ्या कंपनीकडून) आलं आणि मराठी शब्द कुठल्या कुठे जाऊन पोचले. मला त्याचा मनापासून अभिमान वाटला. पण माझ्या भाच्याला हूक तोंडपाठ होती आणि श्रेयस सागवेकर हे नाव त्याला मी सांगितलं. गाणं रीलवरून इतक्या वेगानं पसरलं की नाव पोचायला वेळ लागला. आयोजक म्हणून तुम्हाला त्या नावाचे पैसे द्यायचे असतात, म्हणून हे सांगतोय.

आकड्यांनी एखाद्याला फुगवलं जातं, तसं दाबलंही जातं, आणि हे दुसरं मला जास्त लागतं. एमसी स्टॅन या रॅपरचं उदाहरण घ्या. अल्ताफ शेख, जन्म 1999 चा, पुण्यातल्या ताडीवाला रोडच्या वस्तीत वाढलेला. त्याचा ‘तडीपार’ हा अल्बम 2020 साली आला, ‘इन्सान’ 2022 साली. ऑक्टोबर 2022 मध्ये तो ‘बिग बॉस’च्या सोळाव्या पर्वात गेला आणि 12 फेब्रुवारी 2023 ला ते जिंकून बाहेर आला. वय 23. दुसरा आला अमरावतीचा शिव ठाकरे. टीव्हीवर रोज दिसणारे, मालिकांमधून घराघरांत पोचलेले चेहरे मागे राहिले.

आमच्या धंद्यातल्या पुष्कळ लोकांना तेव्हा धक्का बसला. ‘हा कोण?’ असं मला जाहिरात क्षेत्रातल्या एका शिकलेल्या माणसानं त्या रात्री फोन करून विचारलं. त्याच्याकडे आकडे नव्हते असं नाही. यूट्यूबवर स्टॅनच्या गाण्यांना कोट्यवधी व्ह्यूज होते आणि ते कुणापासून लपवलेले नव्हते. पण त्या व्ह्यूजमागची माणसं त्याच्या हिशेबात धरलीच नव्हती. स्वस्त अँड्रॉइड फोन, फुकटचं यूट्यूब, व्हॉट्सॲपवर आलेली फाइल, ब्लूटूथ स्पीकरवर टपरीपाशी वाजणारं गाणं. ही पोरं पैसे भरून प्रीमियम घेत नाहीत, म्हणून ब्रँडच्या तक्त्यात त्यांना किंमत नाही. मत द्यायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांनी फोन काढला आणि मत दिलं, पुन्हा पुन्हा, काही आठवडे. त्यानंतर 2023 मध्ये तो देशभर ‘बस्ती का हस्ती’ या नावानं शो करत फिरला.

टीव्हीवरचं मत म्हणजे गाण्याला मिळालेलं मत, असं मी म्हणत नाही. ‘बिग बॉस’मध्ये लोक माणसाला मत देतात, त्याच्या रडण्याला, भांडणाला, बोलण्याला. पण रॅपमध्ये माणूस आणि गाणं एवढं चिकटलेलं असतं की मला ते मत मोजण्यासारखंच वाटतं. कुणासाठी तरी लोक काही करायला तयार आहेत, एवढं त्यातून नक्की कळतं. व्ह्यूजमधून एवढंही कळत नाही.

फुकट ऐकणाऱ्याला कमी धरायची पद्धत फक्त आपल्याकडे नाही. अमेरिकेत गाण्यांच्या क्रमवाऱ्या काढणाऱ्या बिलबोर्डनं 2018 साली अल्बमच्या यादीसाठी ठरवलं की पैसे भरून ऐकणाऱ्यांचे 1,250 स्ट्रीम म्हणजे एक अल्बम, आणि जाहिराती ऐकत फुकट ऐकणाऱ्यांचे 3,750 स्ट्रीम म्हणजे एक अल्बम. म्हणजे तेव्हा गरीब श्रोत्याचं वजन एक तृतीयांश. 2026 च्या सुरुवातीला हे प्रमाण बदललं, पण फुकट ऐकणारा अजूनही कमीच धरला जातो. कंपनीला कुणाकडून किती पैसे येतात या दृष्टीनं तो हिशेब बरोबरही असेल. पण लोकप्रियता म्हणून तो 2018 चा आकडा वाचला की ताडीवाला रोडसारख्या वस्तीतली तीन पोरं मिळून एक माणूस व्हायची. हे मला मान्य नाही आणि तुम्हालाही होऊ नये.

आपल्याकडे मराठी रॅपचे आकडे आणखी एका कारणानं कमी दिसतात. गाणं एकाच जागी राहत नाही. कुणीतरी ‘लिरिक्स’ म्हणून स्वतःच्या चॅनलवर टाकतं, कुणी वेग कमी करून टाकतं, कुणी शोमध्ये काढलेली क्लिप इन्स्टाग्रामवर टाकतं आणि तिथे ती ‘ओरिजिनल ऑडिओ’ म्हणून त्या तिसऱ्याच माणसाच्या नावावर चढते. मग त्या ऑडिओवर हजारो रील होतात आणि मूळ पोराच्या खात्यात काहीच दिसत नाही. माझ्याकडच्या एका मुलाचं असं झालं होतं. आम्ही हाताने शोधून काढलं तर त्याचं एकच गाणं सात ठिकाणी विखुरलेलं होतं. म्हणून गाण्याची एखादी ओळ यूट्यूबवर टाइप करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे. दुसऱ्यांनी चढवलेल्या प्रती भरपूर सापडल्या, तर तो त्याच्या आकड्यांपेक्षा मोठा आहे.

फुगवलेल्या आकड्यांबद्दलही बोलतो. जाहिरात देऊन व्ह्यूज आणणं हा गुन्हा नाही, सगळे करतात, मीही क्लायंटसाठी केलंय. जुलै 2019 मध्ये रॅपर बादशाहच्या ‘पागल’ या गाण्याला 24 तासांत साडेसात कोटी व्ह्यूज मिळाल्याचं जाहीर झालं. बीटीएस या कोरियन बँडचा विक्रम मोडला गेला, असं म्हटलं गेलं. त्यात जाहिरातीतून आलेले व्ह्यूजही होते आणि तेव्हाच्या नियमांत ते बसत होतं. यूट्यूबनं तो विक्रम म्हणून मिरवला नाही. सप्टेंबर 2019 मध्ये त्यांनी नियमच बदलला आणि 24 तासांच्या विक्रमासाठी व चार्टसाठी जाहिरातीतले व्ह्यूज धरणं बंद केलं. पण व्हिडिओच्या खाली जो आकडा दिसतो, त्यात ते व्ह्यूज आजही असतातच. तुमच्या पाहुण्याचे 22 लाख कुठून आले हे बाहेरून कळणार नाही. आतून कळतं.

म्हणून त्याला तीन स्क्रीन मागा. स्क्रीनशॉट घेऊ नका, स्क्रीनशॉट दोन मिनिटांत बनवता येतो. व्हिडिओ कॉलवर त्याला फोनमध्ये ॲप उघडायला सांगा आणि तुमच्यासमोर बोट फिरवायला लावा. नम्रपणे मागितलं तर चांगली पोरं दाखवतात. त्यांना त्याचा अभिमानच असतो.

पहिली स्क्रीन यूट्यूब स्टुडिओ या चॅनलवाल्यासाठीच्या ॲपमधली, प्रेक्षक कुठून आले ती. तिथे जाहिरात असा वेगळा रकाना असतो. तो मोठा असेल तर व्ह्यूज विकत घेतलेत. त्याच्याखाली सर्च असतं, त्यावर बोट ठेवलं की लोकांनी काय टाइप केलं ते शब्द दिसतात. ही माझी सगळ्यात आवडती जागा आहे. मी तासन्‌तास ते शब्द वाचत बसतो. लोकांनी पोराचं नाव टाइप केलं असेल, चुकीच्या स्पेलिंगनं का होईना, तर ते त्याच्यासाठी आलेत. नावापुढे ‘न्यू साँग’ असेल तर ते त्याच्या पुढच्या गाण्याची वाट बघतायत. आणि नुसती हूक टाइप केली असेल तर ते गाण्यासाठी आलेत.

दुसरी स्क्रीन कलाकारासाठीच्या ॲपची, स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्‌सची. महिन्याचे स्ट्रीम भागिले महिन्याचे लिसनर, एवढा एक भागाकार करा. दीडच्या आसपास आला तर लोक वाटेत भेटलेत आणि निघून गेलेत. तीनच्या वर असेल तर परत येतायत. हे माझे अनुभवाचे आडाखे आहेत, नियम म्हणून धरू नका, आणि नवीन गाणं नुकतंच आलेलं असेल तर भागाकार काही दिवस चढलेलाच दिसतो. मग स्ट्रीम कुठून आले ते बघा. श्रोत्यांनी स्वतः सेव्ह केलेल्या गाण्यांतून आणि त्याच्या प्रोफाइलवरून आलेले स्ट्रीम हे हातानं उघडलेलं दार. स्पॉटिफायच्या प्लेलिस्टमधून आलेले म्हणजे कुणीतरी वाढलं आणि यांनी खाल्लं. प्लेलिस्टमधून काढलं की ते संपतात, मी दोन आठवड्यांत एक लाखाचे बारा हजार झालेले बघितलेत. तो पोरगा मला रात्री एक वाजता फोन करून विचारत होता, ‘दादा, माझं काय चुकलं?’ त्याचं काहीच चुकलं नव्हतं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की ते लिसनर त्याचे नव्हते, प्लेलिस्टचे होते. याच वयात पोरं असल्या आकड्यांवर स्वतःची किंमत ठरवतात, म्हणून कॉलवर बोलताना जरा सांभाळून बोला एवढी विनंती.

तिसरी स्क्रीन शहरांची यादी, आणि तुमच्यासाठी खरं उत्तर इथेच आहे. दोन्हीकडे ती असते. मुंबई आणि पुणे सगळ्यांच्याच वर असतात, त्याचं काही नाही. खाली कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी दिसतात का ते बघा आणि आकडा वाचा. 1 लाख 40 हजारांत कोल्हापूरचे 300 असतील, तर तुमच्या मैदानापुरता तो तीनशेचा कलाकार आहे. कोल्हापूरचे 4 हजार असतील तर आत्ताच तारीख पक्की करा. यादीत वर महाराष्ट्राबाहेरची, कधी देशाबाहेरची अनोळखी शहरं दिसली आणि गाणं मात्र मराठीत आहे, तर बॉटचा, म्हणजे माणसाऐवजी आपोआप गाणं वाजवणाऱ्या प्रोग्रामचा, संशय घ्या. कधी कधी हे पोराच्या नकळत होतं. ‘प्लेलिस्टवर चढवतो’ म्हणून कुणीतरी पाच हजार रुपये घेतो आणि मागे बॉट लावतो. स्पॉटिफायनं 2024 पासून अशा गाण्यांसाठी लेबल आणि डिस्ट्रिब्यूटरकडून दंड घ्यायला सुरुवात केली, तेव्हापासून गाणी काढून टाकण्याचं प्रमाण माझ्या कामात तरी वाढलंय. निर्दोष पोरांचीही गाणी त्यात जातात, म्हणून लगेच त्याला खोटारडा समजू नका, विचारा.

आणखी एक गोष्ट बघायची ती काळ. वर चढणं सोपं झालंय, टिकणं अवघड. जून 2020 मध्ये सिक्सनाइन आणि निकी मिनाज यांचं ‘ट्रोल्झ’ बिलबोर्डच्या हॉट 100 या गाण्यांच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आलं आणि पुढच्याच आठवड्यात 34 वर गेलं. त्याच्या आदल्या वर्षी वीस वर्षांच्या लिल नास एक्सचं ‘ओल्ड टाउन रोड’ सलग 19 आठवडे पहिलं होतं. तिथेही एकामागून एक रीमिक्स आले आणि सगळ्यांचे आकडे एकाच गाण्यात धरले गेले, तरी 19 आठवडे लोक परत येत राहिले हे खरंच. तुमच्या पाहुण्याचं 22 लाखवालं गाणं कधी आलं? दीड वर्षापूर्वी आलं असेल आणि नंतरच्या तीन गाण्यांना वीस-वीस हजार व्ह्यूज असतील, तर 22 लाख विसरा आणि वीस हजारांवर बोला. उलट नंतरच्या प्रत्येक गाण्याची सुरुवात आधीच्यापेक्षा जास्त व्ह्यूजनं झाली असेल, तर आज बोलवा, पुढच्या वर्षी तो तुम्हाला परवडणार नाही.

शेवटी पैशांचं. तुमच्या मुलांना एक काम द्या. पोस्टर लावण्याआधी दहा वेगवेगळ्या वर्गांतल्या, एकमेकांच्या ओळखीच्या नसलेल्या मुलामुलींना या पोराचं दुसरं कुठलंही गाणं विचारा, 22 लाखवालं सोडून. चार जणांनी नाव सांगितलं आणि त्यातल्या एकानं चार ओळी म्हणून दाखवल्या, तर मला ते 90 हजार फॉलोअरपेक्षा मोठं वाटतं. दुसरं, कार्यक्रम फुकट ठेवू नका. 50 रुपयांचा पास ठेवा, कॉलेजच्या ओळखपत्रावर, आणि तीन दिवस विक्री बघा. फुकट कार्यक्रमाला ‘येतो’ म्हणणारे आणि पन्नास रुपये काढणारे यांच्यात फार अंतर असतं.

2 लाख एकदम कबूल करू नका. 80 हजार ठरलेले, प्रवास आणि राहणं वेगळं, आणि पाचशेच्या वर जेवढे पास जातील त्यातला अर्धा वाटा त्याचा, असं काहीतरी मांडा. ज्याला स्वतःच्या श्रोत्यांची खात्री आहे तो हे ऐकून खूश होतो. ठरलेली रक्कम अर्धी आधी आणि अर्धी स्टेजवर चढण्यापूर्वी द्या. ‘नंतर चेक पाठवतो’ हे ऐकून फसलेली पोरं माझ्याकडे खूप आहेत. त्याच्या नावावर किती गाणी आहेत तेही मोजा. आठ-नऊ असतील तर सेट, म्हणजे त्याचा स्टेजवरचा वेळ, 35 मिनिटांचाच ठेवा, तासभर ताणायला लावू नका. दुपारी चारला पूर्ण साउंडचेक द्या, मॉनिटर स्पीकर (गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा) त्याच्या तोंडासमोर हवा, कारण स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की रॅपर धावतो आणि शब्द सांडतात. बीटचा (मागच्या संगीताचा) आवाज जरा खालीच ठेवायला सांगा, म्हणजे मागच्या रांगेतल्या मुलांनाही दुसरा व्हर्स नीट ऐकू येईल.